उंबरखारची तिसरी जागा

उंबरखारच्या मैदानावर बुधवारी सकाळी नऊ वाजता मी मोजलं ते असं: गोलपोस्ट दोन, दोन्हींची आडवी दांडी गायब. झेंड्याचा खांब एक. बंद नळ एक, आग्नेय कोपऱ्यात. विजेचे खांब चार, त्यांतला सर्वांत जवळचा कडेपासून एकवीस मीटरवर. म्हशी तीन, मला पाहून कोणीतरी त्या हाकलल्या. मैदान तीस मीटर बाय एकतीस. त्याच्यावर माणसांच्या पावलांचे उथळ ठसे, एकाला एक चिकटून, ओळीनं. एका चौरस मीटरात अठ्ठेचाळीस मोजले आणि सोडून दिलं. मैदानाबाहेर एकशे बारा घरं, चार होड्या, त्यांतल्या पाण्यात घालण्यासारख्या दोन. भेंडीच्या झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत एक बाई बसली होती, सुजलेले पाय विटांवर ठेवून.

मी विमानतळावरच्या आपत्ती मदत कक्षात सहा महिन्यांच्या करारावर होते. पूर आला की बाहेरून येणारी मदत आमच्या धावपट्टीवर उतरणार आणि तिथून हेलिकॉप्टरनं गावोगाव जाणार, अशी योजना होती. कडेच्या एका शेडमध्ये जमिनीवर पिवळ्या रंगानं चौकोन आखून झाले होते. प्रत्येक चौकोनात एका गावाचं नाव. त्या गावाच्या ताडपत्र्या, औषधं, पाणी त्याच चौकोनात रचायचं, म्हणजे ऐन वेळी शोधाशोध नको. सत्तावीस चौकोनांत नावं लिहून झाली होती. अठ्ठाविसावा रिकामा होता. उंबरखारचं मैदान पास झालं, तर तो उंबरखारचा. नापास झालं, तर हेलिकॉप्टर तिथं टेकणार नाही, वरून पाकिटं टाकून निघून जाईल. माणसं उचलणार नाही.

उंबरखारमधून उचलायचं माणूस एकच होतं. खुर्चीतल्या सीताबाई. दर मंगळवारी आणि शुक्रवारी पेणला त्यांचं डायलिसिस असे.

"तूच का गो ती इमानवाली?" त्यांनी विचारलं.

"व्हय," मी म्हटलं. मी रोह्याची, एवढं मलाही येतं.

"मंग बघ लवकर. माझी पेटी अर्धी भरून ठेवलीय. पास झालं तर सोडते, नाय तर शनिवारी निडीला बहिणीच्या दारात. दसऱ्यापर्यंत. गेल्या साली चार म्हयने लोकांची लावणी बघत बसले. माझी खाचरं हितं पडीक."

त्यांचे यजमान काळुराम मिठागरावर मुकादम होते. माणूस एका जागी उभा राहत नव्हता. दोन वर्षांपूर्वी बांध फुटून गाव पाण्यात गेलं, तेव्हा ह्याच मैदानावर लाल लुगडं हलवून त्यांनी हेलिकॉप्टर बोलावलं होतं. मैदान तेव्हा नुकतंच पाण्यातून वर आलेलं होतं. चाक टेकलं, हातभर रुतलं, आणि पायलटनं ते तसंच उचलून नेलं. सीताबाईंना चौथ्या दिवशी होडीतून नेलं. त्या चार दिवसांबद्दल दोघंही माझ्याशी काही बोलले नाहीत. मला ते शेजारच्या धोंडुबाईंनी सांगितलं.

जानेवारीत मैदान नापास झालं. रोलर आणायचा तर बांधावरचा रस्ता त्याचं वजन पेलणार नव्हता. मग मिठागरात वाफ्यांचा तळ पक्का करतात तसा गावानं मैदानाचा तळ केला. चिखल ओला करायचा, ओळीनं उभं राहायचं आणि टाचेनं तुडवत मागं सरकायचं. एक थर, त्यावर दुसरा, असे चार. सतरा दिवस. सीताबाई खुर्चीतून ताल द्यायच्या. तरुणपणी मिठागरात त्यांच्यासारखी टाच कोणाची नव्हती, असं धोंडुबाई म्हणाल्या.

चाचणी साधी आहे. टोकदार पोलादी सळई उभी धरायची, तिच्यावर आठ किलोचं वजन ठरलेल्या उंचीवरून पाच वेळा सोडायचं, आणि सळई किती आत गेली ते मोजायचं. दोनशे मिलिमीटरपर्यंत चालतं. त्याच्या पुढं नापास. तीन जागा घ्यायच्या. दोन आखणीप्रमाणे आणि तिसरी मैदानातली सर्वांत कच्ची दिसेल ती. तिन्ही पास व्हायला हव्यात. मैदान आधी चोवीस तास भिजलेलं हवं, कारण हेलिकॉप्टर कोरड्या दिवसात येणार नाही.

तिसरी जागा ठरवताना मला काही कळेना. सगळं मैदान एकसारखं दिसत होतं. काळुराम म्हणाले, "हितं घ्या, गोलपोस्टाखाली. पोरं हितंच उड्या मारतात." मी घेतली.

पुंडलिक, आमचा ड्रायव्हर, वजन सोडत गेला. एकशे अठरा. एकशे चोवीस. एकशे एकवीस.

"बोललो व्हतो ना!" काळुरामांनी दोन्ही हात वर केले.

"नाचू नको," सीताबाई म्हणाल्या. "गुडघं धरतील, मंग दोघांना उचलायला लागंल."

लोक हसले. मी आकडे शाईनं वहीत लिहिले आणि सळई पुसायला घेतली. तिच्या वरच्या भागावर चिखल वाळून पांढरी कड आली होती. चपलेच्या पट्ट्यावरही तीच. मी बोटानं जिभेला लावून पाहिली. खारट होती.

"काळुरामकाका, मैदान कशानं भिजवलंत?"

"पाण्यानं."

"कुठल्या?"

"खाडीच्या. पंप लावला ना. दोन भरतींचं पाणी घेतलं, वीतभर उभं केलं."

"गोडं पाणी नाही वापरलं?"

आता लोक पुन्हा हसले, पण वेगळं. धोंडुबाई पुढं आल्या. "काय बोलतेस गो? टँकर तिसऱ्या दिवशी येतो. पिण्याचं पाणी मातीत ओतायचं? तुमच्या कागदात तसं लिवलं असतं तर फाडला असता तो."

कागदात लिहिलं होतं, 'मैदान चोवीस तास पाण्याने भिजवून ठेवावे.' ते पत्र मीच तयार केलं होतं. रोह्यात नळाला गोडं पाणी येतं. दुसरं काही असतं हे लिहिताना माझ्या मनातच आलं नाही.

मी बांधावर गेले, परत आले, पुन्हा गेले. आकडे वहीत होते. सहीही झाली होती. पुंडलिक म्हणाला, "मॅडम, पास झालं ना? निघूया, नाय तर डोलवीला कारखान्याची शिफ्ट सुटेल आणि अडकू."

कॉलेजात तिसऱ्या वर्षी आम्ही दोन परीक्षानळ्यांत चिकणमाती ढवळली होती. खाऱ्या पाण्यात मातीचे कण एकमेकांना धरतात आणि गोळा होऊन तळाशी बसतात. गोड्यात सुटे होतात, आणि जमिनीची पकड जाते. मला तेव्हा त्यात पाच गुण मिळाले होते.

मी सीताबाईंकडे दोन काचेचे ग्लास मागितले. दोन्हींत मैदानातली माती सारखीच घातली, चमच्यानं मोजून. एकात खाडीचं पाणी, दुसऱ्यात टँकरचं. ढवळलं आणि त्यांच्या खुर्चीशेजारी विटेवर ठेवलं. वीस मिनिटांत पहिल्यातलं पाणी निवळलं. दुसरा ग्लास चहासारखाच राहिला.

काळुराम त्या दुसऱ्या ग्लासाभोवती फिरत राहिले. "बसंल. जरा येळ द्या. बसंल."

"पाऊस खारा पडतो का रं?" सीताबाईंनी विचारलं.



मी मदत कक्षातल्या आमच्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "उद्या पाचला गावांची यादी छापायला जाते. खारं-गोडं मला कळत नाही. मला आकडा द्या."

"उद्या देते."

"आज आहे म्हणालात ना?"

"तो दुसऱ्या पाण्याचा आहे."

आकाशात ढग होते, पण खाडीवरून येऊन डोंगराकडे निघून जात होते. त्यांच्या भरवशावर राहता येत नव्हतं. हिशेब केला. अख्खं मैदान भिजवायला पंचेचाळीस हजार लिटर, म्हणजे साडेचार टँकर. ते होणारं नव्हतं. पण मला अख्खं मैदान नको होतं, सळई जाईल तेवढीच जमीन हवी होती. मिठागराच्या शेडमागं पत्र्याची जुनी पिंपं पडली होती. काळुरामांनी तीन पिंपांचे तळ कापून दिले, कापताना दोनदा बोट कापून घेतलं आणि पट्टी बांधू दिली नाही. बिनतळाचं पिंप जमिनीत चार बोटं ठोकायचं आणि आत पाणी भरून ठेवायचं. एकाला साठ लिटर. तीन पिंपांना एकशे ऐंशी.

"घराला दीड तांब्या," मी म्हटलं.

कोणी हललं नाही. टँकर दुसऱ्या दिवशी सकाळी यायचा होता. यायचा असतो तेव्हा तो येतोच असं नाही, हे मला नंतर कळलं.

सीताबाईंनी खुर्चीखालून बाटली काढली. तिच्यावर पेननं रेघा मारल्या होत्या. डॉक्टरांनी त्यांना दिवसाला पाऊण लिटर ठरवून दिलं होतं, चहा-आमटी धरून. "ह्यातलं एक थेंब नाय देनार हां," त्या म्हणाल्या. "पण टँकरचं माझ्या वाटचं रोज उरतं, ते घरात हांड्यात हाय. आधी ते ओता."

धोंडुबाई काही तरी पुटपुटत घरी गेल्या आणि कळशी घेऊन आल्या. ती भरलेली होती. "मोजून घे गो," त्या मला म्हणाल्या. "तुला मोजायची हौस हाय ना." मग बाकीच्या आल्या. मी तांब्या-तांब्यानं मोजून घेतलं. एकशे सत्त्याऐंशी लिटर झालं. सात लिटर परत दिलं.

दोन पिंपं सकाळच्याच जागांपासून हात-हातभर बाजूला ठोकली. तिसरं काळुराम गोलपोस्टाकडे घेऊन निघाले.

"तिथं नको," सीताबाई म्हणाल्या. "नळाच्या कोपऱ्यात घाल."

"का? गोलपोस्टाखाली व्हती ना सकाळी?"

"नळाच्या कोपऱ्यात शेवटच्या दिवशी तुडवलं. सगळी कटाळली व्हती. हितं बसून ऐकलं मी. टाच मातीत गेली की आवाज येगळा येतो, नुसती वर आपटली की येगळा. तिथं नुसत्या आपटल्यात."

"गप बस गो!" काळुराम ओरडले. पिंप त्यांनी खाली ठेवलं नाही. "तुला निडीला जायाचंय का?"

"नाय जायाचं."

"मंग?"

"मंग काय? चाक टेकताना तुला इचारून टेकनार हाय का? आनि आत कोन बसनार हाय? मीच ना?"

काळुराम माझ्याकडे बघत उभे राहिले. मी नियम सांगितला, तिसरी जागा सर्वांत कच्ची असायला हवी. ते सकाळीच सांगायला हवं होतं. त्यांनी पिंप नळाच्या कोपऱ्यात नेलं आणि स्वतःच ठोकलं. पाणी भरून झालं तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

गुरुवारी आम्ही अडीचला पोचलो. टँकर आलेला नव्हता. धोंडुबाईंनी ते दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं. पिंपांतलं पाणी दोन बोटं उतरलं होतं. तीन वाजून दहा होईपर्यंत मी थांबले. काळुराम थांबले नाहीत, मैदानाच्या कडेनं चकरा मारत राहिले. मी अकरा चकरा मोजल्या.

मग पिंपं काढली, पाणी वाहून जाऊ दिलं.

पहिली जागा. पुंडलिकनं पाच वेळा वजन सोडलं. एकशे त्रेसष्ट. काल इथं एकशे अठरा आला होता. दुसरी जागा, एकशे सत्त्याहत्तर. दोन्ही दोनशेच्या आत. मी आकडे मोठ्यानं वाचले, कारण सगळे माझ्या ओठांकडे बघत होते.

सीताबाई खुर्चीतून उठल्या. काळुरामांच्या खांद्यावर हात टाकून नळाच्या कोपऱ्यापर्यंत आल्या. पंचवीस मीटरांना त्यांना चार मिनिटं लागली. त्यांनी चप्पल काढली आणि पिंपाच्या गोल खुणेच्या कडेला डावी टाच टेकवून पाहिली. 

"पेटी सोडायची का बांधायची, तेवढंच सांग गो," त्या मला म्हणाल्या.

पुंडलिकनं वजन उचललं. एक. दोन. तिसऱ्याला काळुरामांनी तोंड फिरवलं. चार. पाच. मी गुडघ्यावर बसून पट्टी वाचली, बोटानं चिखल पुसला आणि पुन्हा वाचली. घड्याळात तीन वाजून अडतीस मिनिटं झाली होती. वहीत कालच्या आकड्यांवर रेघ मारून खाली लिहिलं, आणि लिहिलं तेच मोठ्यानं वाचलं.

तिसरी जागा, नळाचा कोपरा, गोडं पाणी, पाच ठोके: २१४ मिलिमीटर.