बांधातले खेकडे

विद्यापीठात बोलण्याआधी एकदा आपल्या माणसांसमोर बोलावं, असं राहीला वाटलं. डोळखांबच्या वरच्या अंगाला तिचा पाडा. तिथल्या ओढ्यांतल्या खेकड्यांवर ती दोन वर्षं संशोधन करत होती. रविवारी सकाळी समाजमंदिरात पडदा म्हणून चादर बांधून तिने पाड्याला सगळे फोटो, आकडे दाखवले. पलीकडच्या ओढ्यात खेकडे भरपूर, पाड्याच्या ओढ्यात अगदीच थोडे.

"आपण फार पकडतो, म्हणून," ती जड मनाने म्हणाली.

 मग तिचे काका, अनंता गोजर, उठले. "मोजलंस कवा गो?"

"दिवाळीनंतर."

"आन् कुठं?"

"ओढ्यात."

"मंग कसे घावतील? आपला ओढा सगळा कातळ. पाणी उतरलं का खेकडं भाताच्या बांधात शिरतात. पलीकडं काठाला माती हाय, ते तिथंच ऱ्हातात. पोटाशी पिल्लं असली तर आमी मादी धरत पण नाय. आन् तू आमालाच चोर ठरवलंस!"

राहीचा चेहरा उतरला. लहानपणी याच बांधांवरून ती शाळेत गेली होती, आणि मोजताना बांध आठवलेसुद्धा नाहीत.

व्याख्यान चार दिवसांवर होतं. तिने मार्गदर्शक नम्रता मॅडमना फोन केला.

"आता व्याख्यान मागे घेतलंस तर पुढची संधी थेट वर्षाने," मॅडम म्हणाल्या.

"चालेल मॅडम. पण खोटं नाही सांगणार."

 "बरं. मोज पुन्हा."

पुढच्या भातकापणीनंतर काका-पुतणी दोन्ही ओढ्यांकाठचे बांध अन् बांध फिरली. काका प्रत्येक बिळाशी वाकायचे. "तोंडाशी ओली माती दिसली का समज, मालक घरात हाय." राही वहीत टिपत गेली. डिसेंबरात बेरीज झाली, तेव्हा तिने ती तीनदा तपासली. बांध धरले तर पाड्याकडचे खेकडे पलीकडच्यापेक्षा जास्त होते.

विद्यापीठाच्या सभागृहात राहीने आधी स्वतःची चूक सांगितली, मग नवे आकडे. शेवटी पुढच्या रांगेतल्या एका वयस्कर शास्त्रज्ञांनी विचारलं, "संशोधकांत तुमच्यासोबत ए. गोजर असं नाव आहे. हे कुठल्या विभागाचे?"

"माझे काका आहेत, सर. शेती करतात. ते बघा, तिसऱ्या रांगेत."

सगळ्या माना वळल्या. काका इस्त्रीचा सदरा सारखा करत उभे राहिले. कुणीतरी माइक दिला.

"मी काय जास्त शिकलेला नाय," ते म्हणाले. "पण आता जिथं तिथं बांधाला सिमेंट लावतात. तिथं खेकडा ऱ्हाणार नाय. येवढं लिवून घ्या."

शास्त्रज्ञांनी खिशातून पेन काढलं आणि खरंच लिहून घेतलं. टाळ्या सुरू झाल्या. पुढचा प्रश्न कुणीतरी विचारला, पण राहीला तो ऐकूच आला नाही. ती काकांकडे बघत होती.