पहिली बदली

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साल. हंगाम अर्ध्यावर आला होता. सामना सुरू व्हायच्या आधी हे बाकावर आपल्या जागी बसायला गेले, तर तिथे दुसराच कुणीतरी बसलेला.

"हा उंट कुठून आणला?" सासूबाईंनी मला कोपर मारत विचारलं. खेळाडूंच्या घरच्यांची रांग बाकाच्या लगेच मागे असे. तिथलं बोलणं बाकावर सगळ्यांना ऐकू जायचं आणि सासूबाईंना ते चांगलं ठाऊक होतं.

उंट म्हणजे क्लबनं आदल्या आठवड्यात करार करून घेतलेला नवा पोरगा. बावीस-तेवीसचा असेल. हात लांबच लांब, मान पुढे काढलेली. कप्तानानं त्याच्या कानात काहीतरी सांगितलं तसा तो ताडकन उठला. कान लालबुंद.

"सॉरी दादा. मला माहीत नव्हतं."

"अरे बस, बाकच तर आहे," हे म्हणाले. आणि त्याच जागेवर बसले.

बास्केटबॉलमध्ये पाच जण खेळतात आणि बाकीचे बाहेर थांबतात, एवढं सगळ्यांना माहीत असतं. बाहेरचे कोण कुठे बसतात, हे कुणी बघत नाही. आमच्या क्लबात प्रशिक्षकांना मास्तर म्हणत. मास्तरांच्या शेजारची जागा पहिल्या बदलीची. आमचा मुख्य उंच खेळाडू, ज्याला सगळे थोरले म्हणत, तो दमला की मास्तर मान न वळवता नुसतं "चल" म्हणायचे आणि शेजारचा उठायचा. नऊ वर्षं तो शेजारचा म्हणजे हे. पहिल्या पाचांत ह्यांचं नाव कधी लागलं नाही. पेपरात तर नाहीच. पण "चल" म्हटल्यावर हे उठले की मागच्या रांगांतून आवाज यायचा, "खांब निघाला!" त्या एका आवाजावर आमचं घर चालत होतं, असं म्हटलं तरी चालेल.

आता बाकावर उंच माणसं दोन झाली होती. पुढच्या वर्षी क्लब त्यातला एकच ठेवणार, हे कुणी बोलून दाखवलं नव्हतं. बोलायची गरजही नव्हती. ह्यांचं चौतिसावं सरत होतं आणि ह्यांना खेळण्याखेरीज दुसरं काही येत नव्हतं.

त्यात तो पोरगा आमच्या घरी यायला लागला.

ह्यांनीच बोलावलं होतं म्हणे. एकटा राहतो, धड जेवत नाही. यायचा तो वाकूनच, दाराच्या चौकटीची सवय झाल्यासारखा. आमची मुलगी तेव्हा पहिलीत होती. तिला खांद्यावर घेऊन छताला हात लावू द्यायचा. ताट स्वतः घासून ठेवायचा. मला तर ते ताट घासणं पहिल्या दिवसापासून खुपलं. इतकं चांगलं वागायला माणसाला काहीतरी कारण लागतं.

"वहिनी, दादांसारखे पाय कसे टाकायचे ते मला कधी जमणार?" असं विचारायचा.

"त्यांनाच विचार की," मी म्हणायची.

"विचारतो ना. पण ते म्हणतात, बघून शीक. म्हणून बघतोय."

बघतोय, हे मात्र खरं होतं.

जेवणं झाली की टेबल भिंतीला लागायचं आणि ह्यांची शिकवणी सुरू व्हायची. खेळाडू मैदानातून बाहेर येतो तेव्हा आत जाणाऱ्याला जाता जाता सांगतो, की तू अमक्याला धर, तो अमक्या बाजूनं घुसतो. गोंगाटात शब्द कळत नाहीत, म्हणून ह्यांची खूण ठरलेली होती. उजव्या मांडीवर थाप मारली, तर तो उजवीकडून घुसतो. डाव्या मांडीवर मारली, तर डावीकडून.

"तुमचा उजवा, माझा उजवा की त्याचा?" पोरानं विचारलं.

"त्याचा. एकदाच डोक्यात घाल आणि पुन्हा विचारू नकोस."

मग समोरचा गडी म्हणून सासूबाईंची खुर्ची मध्ये ओढली, सासूबाईंसकट. ह्यांनी थाप मारायची आणि पोरानं त्या बाजूला पाय रोवून वाट अडवायची.

"आजी, तुम्ही डावखुऱ्या की उजव्या?"

"मी दोन्ही हातांनी मारते. जवळ येऊन बघ."

सगळे हसलो. मीही हसले. पण त्याच संध्याकाळी पोरगा पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला आणि तिथे ओट्यावर बर्फाची पिशवी होती, ह्यांच्या गुडघ्यासाठी भरून ठेवलेली. गुडघ्याचं क्लबात कुणाला म्हणजे कुणालाच ठाऊक नव्हतं. पोरानं पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पाणी प्यायलं आणि पेला विसळून पालथा घातला.

पुढच्याच सामन्यात थोरले दमले तेव्हा मास्तर "चल" म्हणाले नाहीत. त्यांनी ह्यांच्या पलीकडे बोट केलं. ह्यांनी आपला गुडघा जरा बाजूला घेतला आणि पोराला वाट दिली.

घरी आल्यावर सासूबाईंनी चप्पल काढायच्या आधी तोंड उघडलं. "आपल्याच घरात जेवला आणि आपल्याच घरातलं जाऊन सांगितलं. बघितलंस ना?"

"आई, त्यानं सांगितलं असेल असं मला नाही वाटत," हे म्हणाले.

"मग काय बर्फ चालत गेला मास्तरांकडे?"

मला सासूबाईंचं पटलं होतं. पोरगा मात्र येत राहिला. हे शिकवत राहिले. फक्त आता हे बोलताना त्याच्या तोंडाकडे बघत नसत, पायांकडे बघत.

मग तो सामना आला. जिंकलो तर आम्ही पुढच्या फेरीत, हरलो तर हंगाम संपला. समोरच्या संघात एक दाढीवाला होता, दाराएवढा रुंद. थोरल्यांचे फाउल लवकर भरत आले, पाच झाले की खेळाडू बाद, म्हणून मास्तरांनी ह्यांना आत पाठवलं. ह्यांनी दाढीवाल्याला बराच वेळ नीट धरला. मग पाय जड पडायला लागले. बघणाऱ्याला दिसत होतं. मास्तरांनी पोराला उठवलं.

बाहेर येताना हे त्याच्याजवळून गेले आणि उजव्या मांडीवर थाप मारली.

मी ती थाप पाहिली. पोरगा जाऊन दाढीवाल्याची उजवी बाजू अडवून उभा राहिला, अगदी आमच्या घरात खुर्चीसमोर राहायचा तसा. दाढीवाला डावीकडून गेला आणि चेंडू टोपलीत. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा पोरानं मागून हात घातला आणि फाउल झाला. लोक ओरडायला लागले. मास्तरांनी हातातला टॉवेल जमिनीवर आपटला, त्याला बाहेर ओढला आणि ह्यांना म्हणाले, "चल."

हे आत गेले आणि सरळ दाढीवाल्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभे राहिले. क्षणभरही थांबले नाहीत. दाढीवाला डावीकडे आला तर समोर खांब. पुन्हा आला, पुन्हा खांब. सगळं सभागृह "खांब! खांब!" करत होतं. सासूबाई उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. असा दिवस ह्यांच्या नशिबी पूर्वी कधी आला नव्हता.

माझे हात मांडीवरून हलेनात.

सामना जिंकल्यावर आम्ही बाहेर बोळात थांबलो होतो. मास्तर आले, ह्यांच्या पाठीवर हात ठेवला. "छान. गुडघा कसा आहे?"

हे दचकले. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला पाहिजे? हंगाम सुरू झाल्यापासून बसमधून उतरताना दांडा धरतोस आणि आधी डावा पाय टाकतोस. मी आंधळा आहे का? म्हणून तर हा पोरगा आणला."

पोरगा मागेच भिंतीला टेकून बुटाची नाडी बांधत होता. त्यानं वर पाहिलं नाही. ह्यांनीही पाहिलं नाही. घरी येईपर्यंत फक्त सासूबाई बोलत होत्या.

दुसऱ्या दिवशी तो नेहमीच्या वेळी आला. मला वाटलं होतं, आता यायचा नाही. दारात वाकून उभा राहिला.

"आलात?" सासूबाई म्हणाल्या.

"आलो आजी." मग ह्यांच्याकडे बघून म्हणाला, "दादा, काल माझं चुकलं. तुमची खूण मी उलटी समजलो."

हे पेपर वाचत होते. पान काही उलटलं नाही.

"होतं असं," हे म्हणाले.

तो उलटं समजला नव्हता. जी बाजू दाखवली तीच त्यानं अडवली होती, माझ्या डोळ्यांदेखत. म्हणजे त्याला सगळं कळलं होतं. मग हा असा का बोलतोय, याचा मी ताट वाढताना, ताट उचलताना, सारखा विचार करत होते. ह्यांना लाजवायला? की पुढे कधी कामाला येईल म्हणून उपकार करून ठेवायला? तो मात्र भूक लागल्यासारखा जेवला आणि ताट घासून गेला.

पुढच्या फेरीचा सामना आम्ही हरलो, पण लोकांच्या लक्षात तो वेगळ्याच गोष्टीसाठी राहिला. ह्यांच्या जागी पोरगा आत जायला निघाला तेव्हा हे रेषेवर थांबले, त्याचं कोपर धरलं आणि सांगायला लागले. एकदा डाव्या मांडीवर थाप मारली, मग पुन्हा एकदा. मग खांदा कसा पडतो ते दाखवलं, हनुवटी कुठे जाते ते दाखवलं. पंचानं शिट्टी वाजवली. हे बोलतच होते. पंचानं दुसऱ्यांदा वाजवली.

"अहो खांब, बाकीचं पत्रानं कळवा!" वरून कुणीतरी ओरडलं आणि सगळे हसले.

पोरगा हसला नाही. तो मान हलवत होता, एकेका गोष्टीला एकेकदा. मग हे बाहेर आले आणि मास्तरांच्या शेजारची जागा ओलांडून पार शेवटी, पाण्याच्या बाटल्यांपाशी जाऊन बसले. मास्तरांनी एकदा शेजारी पाहिलं, एकदा बाकाच्या टोकाकडे पाहिलं, आणि खेळाकडे तोंड वळवलं.

"वेडा आहे माझा मुलगा," सासूबाई हळूच म्हणाल्या. तेवढं एकच वाक्य बाकावर कुणाला ऐकू गेलं नसेल.

क्लबनं पोराला ठेवलं.

मास्तर काही वर्षांनी दुसऱ्या गावच्या क्लबात गेले आणि तिथेच वारले. थोरल्यांनी बुटांचं दुकान काढलं. ते चाललं नाही, मग ते भावाकडे राहायला गेले. सासूबाई नव्वदी पार करून गेल्या. शेवटी शेवटी माणसं ओळखेनाशा झाल्या, पण संध्याकाळ झाली की विचारायच्या, "उंट जेवून गेला का?" हे एका शाळेत खेळाचे शिक्षक झाले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. त्या थापेबद्दल आम्ही दोघं आयुष्यात एक अक्षर बोललो नाही. मुलगी परगावी असते. पोरगा खूप वर्षं खेळला आणि त्याच क्लबात मास्तर झाला. आता त्याचेही केस पांढरे आहेत.

हे गेल्यावर तिसऱ्या महिन्यात तो भेटायला आला, त्याच वाकण्यानं. चहा झाला. मी मनात ठरवून बसले होते, आज त्या थापेबद्दल विचारायचंच. विचारलं.

"वहिनी," तो म्हणाला, "दादांनी मला कधी चुकीचं सांगितलं नाही."

मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तोंडावरून काही कळेना.

कप ठेवायला तो स्वयंपाकघरात गेला. आमच्याकडे सगळ्यात वरची फळी ह्यांनी आपल्या उंचीला लावून घेतली होती. हे गेल्यापासून तिच्यावर काय आहे, ते मला माहीत नव्हतं. स्टुलावर चढायला मुलीनं मनाई केली होती. त्यानं मी न सांगताच हात वर केला आणि फळीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला.

"काय आहे वर?"

"काही नाही वहिनी. धूळ आहे."

"खरंच?"

"खरंच."

खिशातून रुमाल काढून त्यानं फळी पुसली, अगदी कोपऱ्यापर्यंत. रुमाल काळा झाला. तो त्यानं नीट घडी करून पुन्हा खिशात ठेवला.