पाटावरचा पाना

तिसऱ्या स्टेथोस्कोपला हळदीचं बोट लावायला मंजिरी वाकली, तेवढ्यात तिच्या खांद्यावरून एक हात पुढे आला आणि त्याने पाटाच्या मधोमध एक भला मोठा पाना ठेवला. वापरातला, जड, दांड्याला काळं ग्रीस लागलेला. पाटावरच्या लाल वस्त्राला सुरकुती पडली.

"हे पण शस्त्र आहे ना?" शिल्पाने विचारलं.

पंचांगातला दसरा मंगळवारीच होऊन गेला होता. पण ऐंशीच्या दशकात कार्डिफमधल्या मराठी डॉक्टरांचा दसरा त्यानंतरच्या रविवारी, शिल्पाच्या वडिलांच्या, शशिधरकाकांच्या घरी व्हायचा. ज्याने त्याने आपलं हत्यार पाटावर ठेवायचं, ही पद्धत काकांनीच घालून दिली होती. हत्यार म्हणजे स्टेथोस्कोप. एकदा कुणा डोळ्यांच्या डॉक्टरने आपलं तपासायचं यंत्र ठेवलं होतं, तेवढाच काय तो बदल.

"अगं, कुणाचं उचलून आणलंस ते?" सुमनकाकू हसत म्हणाल्या. हसू जरा मोठंच होतं. "ठेव परत."

"माझी आहे, आई. कॉलेजची. मी सप्टेंबरपासून जाते ना, मोटर व्हेइकलच्या कोर्सला."

खोलीतले सगळे डॉक्टर आणि त्यांच्या बायका पान्याकडे बघू लागले. शिल्पाने मेडिकलची सीट मिळवली आहे आणि एक वर्ष विश्रांती घेऊन ती जाणार आहे, हे काकूंनी गणपतीत प्रत्येकीला पेढा देताना सांगितलं होतं. मंजिरीला तर दोन पेढे दिले होते, एक तिच्या लहानग्या सीमाच्या नावाचा. आता मंजिरीचं हळदीचं बोट तसंच वर राहिलं. सुमनकाकूंकडे बघावं की बघू नये, हे तिला कळेना.

शशिधरकाकांनी काहीच ऐकलं नाही असं दाखवून अक्षता उचलल्या. एकेका स्टेथोस्कोपवर चार-चार दाणे टाकत त्यांचा हात पुढे सरकला, पान्यावर येऊन क्षणभर थांबला आणि पलीकडे गेला.

आरती झाल्या झाल्या सुमनकाकूंनी मंजिरीला स्वयंपाकघरात ओढलं. श्रीखंडाचं पातेलं तिच्या हातात दिलं आणि ते देऊनही सोडलं नाही.

"तू बोल तिच्याशी. तू शिकलेली आहेस, वयाने जवळची आहेस. सीट अजून राखून ठेवलीय त्यांनी, या आठवड्यात हो म्हटलं तरी चालतंय. माझं काही ऐकत नाही गं ती. आणि हे उद्या गिरीशसाठी फोन करणारच आहेत त्यांच्या कन्सल्टंटला. आज सकाळीच म्हणाले."

दोन्ही गोष्टी काकूंनी एका श्वासात सांगितल्या. मंजिरीने त्या तशाच, एकात एक अडकलेल्या, ऐकल्या. तिच्या नवऱ्याची, गिरीशची हॉस्पिटलातली नोकरी जानेवारीअखेर संपत होती. नोकरीबरोबर हॉस्पिटलचं घरही जायचं. क्रॉयडनला सीमाचा जन्म, मँचेस्टरला तिचं पहिलं पाऊल, इथे पहिला शब्द. दर सहा महिन्यांनी तेच खोके उघडायचे आणि तेच बांधायचे. आता तर मंजिरी ते फेकतही नसे. पलंगाखाली घडी करून ठेवायची. काकांचा शब्द पडला, तर इथेच तीन वर्षं मिळाली असती.

"बोलते, काकू," ती म्हणाली.

वर शिल्पा बेसिनपाशी उभी राहून ब्रशने नखं घासत होती.

"मंजिरीमावशी, तुला पाठवला ना आईने?"

"पाठवलं," मंजिरीने नकळत दुरुस्त केलं आणि टबच्या कडेवर बसली. "खरं सांग. हे शिकून तुझ्या हातात काय पडणार आहे? डॉक्टरचा पगार कुठे आणि हे कुठे!"

"आत्ता काहीच नाही. ट्रेनीला अगदी कमी देतात." शिल्पाने नळ बंद केला. "क्वालिफाय झाल्यावर बरा आहे. शनिवारी दीडपट देतात, रविवारी डबल. गिरीशकाकाला रविवारी किती देतात?"

मंजिरी उत्तर द्यायला गेली आणि तिथेच अडखळली. पगाराचे कागद तीच लावून ठेवायची. चाळीस तासांनंतरच्या तासाला साध्या तासाच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त, असं त्यावर लिहिलेलं असायचं. ते तिने कित्येकदा वाचलं होतं. पण पुण्यात एम.एस्सी.ला संख्याशास्त्र घेतलेल्या मंजिरीने घरच्या कागदावर कधी भागाकार केला नव्हता. डॉक्टरचा पगार म्हणजे डॉक्टरचा पगार. तो भागायचा असतो, हे मनातच आलं नव्हतं.

"गॅरेजमध्ये टायर बदलणाऱ्याला काय मिळतं?" तिने विचारलं.

शिल्पाने सांगितलं.

मंजिरीने टबच्या कडेवर बसल्या बसल्या मनात हिशोब मांडला. गिरीशचा रविवारचा तास टायर बदलणाऱ्याच्या साध्या तासाहूनही स्वस्त निघाला. कुठेतरी चुकलं असणार म्हणून तिने तो पुन्हा केला. तेच आलं. हाताखालचा टब एकदम गार लागला. ज्या रविवारी सीमा तापाने फणफणली होती आणि गिरीश शुक्रवारपासून घरी आला नव्हता, तो रविवार तिला आठवला.

"डॅडनी पण केला होता हा सम, पगाराचा," शिल्पा म्हणाली. "माझ्यासमोर. मग म्हणाले, पैशाचा प्रश्नच नाही. मी विचारलं, मग कशाचा?"

"काय म्हणाले?"

"चहा मागितला."

मंजिरीला हसू आलं. शिल्पा मात्र हसली नाही. टॉवेलने एकेक बोट पुसत राहिली.

"वर्गात मी एकटीच मुलगी आहे. मुलं खूप चिडवतात. एक दिवस मी टॉयलेटमध्ये जाऊन रडली. आईला सांगू नकोस. पण इंजिन सुरू होतं ना, तेव्हा मला माहीत असतं का सुरू झालं. मावशी, मी खाली येऊन सॉरी म्हणू का? तुझा काम होईल?"

म्हणजे हिलाही ठाऊक होतं. मंजिरीचे कान तापले. पोरीच्या ओल्या हाताकडे बघत ती उठली.

"नको," एवढंच तिला सुचलं.

जिना उतरताना मंजिरीने वाक्य जुळवलं. 'विचार करते म्हणाली.' खोटंही नाही आणि खरंही नाही. तेवढ्यावर उद्याचा फोन झाला असता.

खाली पानं वाढून झाली होती. गिरीश भिंतीला टेकून सीमाला पुरीचा तुकडा भरवत होता. दोन रात्रींच्या जागरणाने त्याचा चेहरा मेणासारखा दिसत होता.

"काय, काय म्हणतेय आमची मेकॅनिक?" शशिधरकाकांनी विचारलं. आवाज थट्टेचा होता. हातातला डाव मात्र हलत नव्हता.

शिल्पाही मागोमाग जिना उतरून आली होती. मंजिरीने तोंड उघडलं.

"शिल्पा," मध्येच गिरीश म्हणाला, "तुझ्या त्या कॉलेजात वयाची अट असते का गं?"

खोलीत हास्याचा स्फोट झाला. प्रत्येक समारंभाला नक्कल करून दाखवणारा गिरीश, वेळेवर धावून आलेला गिरीश. कुणीतरी मांडीवर थाप मारली. काकांनी सुटल्यासारखा श्वास सोडला.

"बघा याला! अरे, मी तुझ्यासाठी उद्या फोन करतोय आणि तू काय स्टेथोस्कोप मोडीत काढतोस?"

पुन्हा हशा झाला. मंजिरीही हसत त्याच्याकडे वळली आणि तिचा चेहरा तसाच राहिला. गिरीश हसत नव्हता. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभ्या असलेल्या शिल्पाकडे तो बघत होता, रिपोर्टची वाट बघणारं माणूस बघतं तसा.

"नाही गिरीशकाका," शिल्पा हळूच म्हणाली. "आमच्यात एक चाळीस वर्षांचा आहे. आधी खाणीत होता."

हसणारे एकेक करून थांबले. सर्वांत शेवटी सुमनकाकू थांबल्या.

"गिरीश, पान वाढलंय, बस," काका म्हणाले. "आणि उद्या फोन करायचा ना मी? मंजिरी, तूच सांग याला."

सगळ्यांच्या माना मंजिरीकडे वळल्या. गिरीशचीही. किती दिवसांपासून हे त्याच्या मनात होतं, तिला माहीत नव्हतं. त्याला विचारायचं धाडसही होत नव्हतं. सीमाने पुरीचा तुकडा तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला आणि मुठीत तसाच ठेवला.

"संध्याकाळचे वर्ग असतात का," ती शिल्पाला म्हणाली, "ते सांग ना त्याला."