शेंदराच्या आधी

पाइपलाइनचा चर खणताना जेसीबीनं बायनाबाईचा धुण्याचा दगड उलथला, आणि आजवर मातीत तोंड खुपसून पडलेली एक कोरीव बाई वर आली. एक पाय उचलून ती तळव्यातला काटा काढत होती. बायनाबाईनं चिखल धुतला तशी पैंजणाची घुंगरं एकेक मोकळी झाली, कळ सोसताना दुमडलेले ओठ दिसले. उसाच्या फडात आपणही अशाच उभ्या राहतो की! दुखणंसुद्धा इतकं देखणं असतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

पण जेसीबीचा ड्रायव्हर "देवी निघाली!" ओरडत गावात पळाला आणि तिला वेशीतला मारुती आठवला. त्याचे डोळे तिनं नवी नवरी असताना पाहिले होते. आता तिथं नुसता शेंदराचा गोळा होता. तिनं पहार घातली, जीव खाऊन दगड पालथा केला आणि वर ओलं लुगडं टाकलं.

तोवर देवळाचे पंच आप्पा शेंदराचा डबा घेऊन आलेच.

"बायनाबाई, देवी कुठं हाय?"

"कसली देवी, आप्पा? माझा धुण्याचा दगुड हाय. त्या डायवरला ऊन लागलं आसंल."

आप्पांनी दगडाकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "मग थांबलीस कावून? धू की."

तिनं धोपटणं उचललं. आप्पा वळणाआड जाईपर्यंत ती दात आवळून हाणत राहिली, आणि दर ठोक्याला तिचाच एक पाय वर उचलला जात होता.