तीन पाण्यांतले शिंपले

कॉलेजच्या प्रयोगशाळेत प्रतिक्षाने सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला आणि मॅडमना हाक मारली. बोडीतल्या, म्हणजे गावच्या तळ्यातल्या शिंपल्याची पाचक ग्रंथी तिने आधी पाहिली. पेशी पंगतीला बसल्यासारख्या ओळीत, एकमेकींना खेटून. आणि ही दुसरी काच वैनगंगेतल्या शिंपल्याची. पंगत पार मोडलेली. पेशी फुगलेल्या, कित्येक फुटलेल्या, जागोजाग काळपट ठिपके. मॅडमनी वाकून पाहिलं. धरणाने पाणी अडलं, वरच्या शहरांची घाण तिथेच बसते, शिंपला जन्मभर तेच पाणी गाळून पोट भरतो आणि त्यातलं विष या पेशींत साठवत जातो, असं त्यांनी समजावलं. मग म्हणाल्या, काच मात्र सुरेख आली हो.

सुरेख कसली डोंबलाची! हे शिंपले प्रतिक्षाच्या मायने, मंगलाबाईने काढून दिले होते. त्यांचं घर पवनीजवळ, धरणग्रस्तांच्या नव्या गावठाणात, त्याच्या खालीच नदीचं थांबलेलं पाणी. तिथल्याच शिंपल्यांचा रस्सा मंगलाबाई एक दिवसाआड सुनेला, मनालीला पाजत होती. मनालीला सातवा महिना. पहिलं लेकरू पाचव्या महिन्यात पोटातच गेलेलं, म्हणून या खेपेला मंगलाबाईने कंबर कसली होती. पोटुशीच्या हाडाला शिंपल्यानेच ताकद येते, असं तिच्या सासूने तिला सांगितलेलं, आणि ती सुनेला सांगे.

प्रतिक्षाने फोन लावला. लागला नाही. अंकुशचा, भावाचा फोनही बंद. काच तशीच टेबलावर ठेवून ती भंडाऱ्याच्या स्टँडवर धावली आणि मिळेल त्या एसटीत चढली.

गाडी म्हणजे अशी संथ, की उतरून ढकलावी. डोळे मिटले की त्या फुटक्या पेशी दिसत आणि मागोमाग वहिनीचं पोट दिसे. भीती वाटत होती, साधी, लहान पोराला वाटते तशी. एकाच गोष्टीवर तिचा जीव टांगलेला होता. माय शिंपले कधी तसेच शिजवत नसे. घमेल्यात विहिरीचं पाणी भरून त्यात सोडायची. दुसऱ्या दिवशी पाणी बदलायची, तिसऱ्या दिवशी पुन्हा. शिंपले गाळ ओकत, तिसरं पाणी नितळ राहिलं की मगच गंज, म्हणजे रश्श्याचं पातेलं, चुलीवर चढे. कॉलेजसाठी मात्र प्रतिक्षाने बजावलं होतं, नदीतून काढ आणि तसेच डब्यात भर. म्हणजे काचेवर दिसले ते न धुतलेले. तीन पाण्यांतून निघालेले वेगळे असतील. असायलाच पाहिजेत. निम्मा रस्ता मागे पडला तरी ती मनात हेच घोकत होती.

घरी पोचली तर मनाली ओसरीवर पाय पसरून बसलेली, हातात वाटी. प्रतिक्षाने वाटी हिसकावली, तसा रस्सा मनालीच्या पदरावर सांडला. मनाली घाबरली. आतून मंगलाबाई आली, काय अंगात आलं काय तुया, म्हणून डाफरली.

प्रतिक्षाने एका दमात सगळं सांगितलं. मंगलाबाईने शांतपणे ऐकलं आणि हसली. नदी घाण आहे हे काय आता कॉलेजने सांगायचं? तिला ठाऊक नव्हतं का? म्हणून तर तीन पाणी करायचे. प्रतिक्षाचा जीव भांड्यात पडला. तीही हसली, डोळे पुसत म्हणाली, तेच ना माय, मी तुला तसेच भरायला सांगितले होते, म्हणून काचेवर तसं दिसलं.

मंगलाबाईचं हसू हळूहळू मावळलं.

"तसे कुठं भरले व मी," ती म्हणाली. "गाळाचे शिंपले कायले पाठवू तुया मॅडमले? पोरगी काय म्हणन, माय अशी गलिच्छ. तीन पाणी केले, पाणी आरशावानी झालं, मंग डब्यात टाकले."

म्हणजे काचेवर दिसले ते तीन पाण्यांतून निघालेलेच होते. गाळ पोटातून निघतो, पेशींत बसलेलं तिथेच राहतं. तीन पाणी करा की तीस. तिने हे कसंबसं मायला सांगितलं. सांगताना स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. उद्या सकाळीच डॉक्टरकडे जाऊ, सगळं सांगू, तपासून घेऊ, असं ती म्हणत राहिली. मनालीने दोन्ही हात पोटावर ठेवले होते.

मंगलाबाईने चुलीवरचा गंज उतरवला आणि मागच्या अंगणात नेला. कोंबड्या पायात आल्या, तर त्यांना दगड मारून हाकललं. फावड्याने खड्डा केला, गंज पालथा घातला, वरून माती ओढली, पायाने दाबली. घमेल्यातले जिवंत शिंपलेही तिने त्याच खड्ड्यात पुरले. नितळ पाणी तेवढं घमेल्यात राहिलं.

मनाली मागच्या दारात येऊन उभी होती. तिने सासूकडे पाहिलं. आवाज इतका हळू होता, की प्रतिक्षाला जवळ जावं लागलं.

"आत्याबाई, मांगच्या खेपेलेबी हेच खाल्ले होते ना मी?"

मंगलाबाई माती दाबतच राहिली.