सात जून दोन हजार एकच्या आधी जन्मलेले

हा मजकूर सज्ञानांसाठी आहे. तुम्ही सज्ञान आहात का, हे मी विचारणार नाही. तो अधिकार डेझमंड उल्रिकचा आहे आणि तो काळ्या पडद्याबाहेर टेबल टाकून बसला आहे.

दर जूनमध्ये अमेरिकेत, टोलीडोतल्या नदीकाठच्या हॉटेलात आमचं कॉन, म्हणजे कार्टूनवेड्यांचं संमेलन, भरतं. तीन दिवस, चार हजार माणसं, त्यातली निम्मी शेपट्या लावून. खालच्या हॉलमध्ये चित्रकारांची टेबलं आणि हॉलच्या मागच्या कोपऱ्यात, पडद्यापलीकडे, आमची अठरा. पडद्यापलीकडे म्हणजे जिथे चित्रातली माणसं कपडे काढतात. तिथे पाऊल टाकायचं तर मनगटावर जांभळी पट्टी लागते, मग तुम्ही विकायला आलेले असा की विकत घ्यायला. पट्टी डेझमंड बांधतो.

आणखी एक सांगते. नमुन्याच्या चित्रावर नको त्या जागी आम्ही पिवळी चिठ्ठी चिकटवतो. गिऱ्हाईक आत आलं की तेच उचलून बघतं. पंचवीस वर्षं मी चिठ्ठ्या चिकटवते आहे. सवयीने या मजकुरातही दोन चिकटवल्या आहेत. उचलायच्या तर उचला.

तर शुक्रवार, नऊ जून दोन हजार तेवीस. सकाळचे साडेनऊ.

टॅम्सिन कोवाल्चिक डेझमंडसमोर लायसन्स धरून उभी. वय एकवीस, पहिलं पुस्तक, पहिलं टेबल, माझ्या शेजारचं. जुन्या कार्टूनमधली ती गाळ काढणारी बोट आठवत असेल, तर तिच्यावरचा स्वैपाकी आणि बॉयलरवाला, दोघेही साठीचे, यांच्या प्रेमावर हिने चाळीस पानं काढली होती. छापून आणलेली खोकी तिने आदल्या दिवशी, पडदा लागायच्या आधीच, आत टेबलाखाली सरकवली होती. मी एक पुस्तक चाळलं होतं. मुलीला हात काढता येत नाहीत. प्रत्येक हात म्हणजे केळ्याचा घड. तिने विचारलं तेव्हा मी तिला तेच सांगितलं. तिने मान डोलावली आणि पुस्तक माझ्याकडून परत घेतलं.

डेझमंड तिशीचा. आमच्यात बिल्ल्याखाली रंगीत फिती चिकटवायची पद्धत आहे. एका कामाची एक फीत, पहिलीखाली दुसरी, दुसरीखाली तिसरी. डेझमंडच्या फिती गुडघ्यापर्यंत आल्या होत्या. लघवीला जाताना तो त्या खांद्यावर टाकून जात असे. हे मी पाहिलेलं नाही, पण जगात काही गोष्टी न पाहताही ठाऊक असतात.

त्याने लायसन्स पाहिलं. मग मागचा बोर्ड पाहिला. पुन्हा लायसन्स.

"तुमचा जन्म बोर्डाच्या नंतरचा आहे," तो म्हणाला.

बोर्डावर लिहिलं होतं: ज्यांचा जन्म ०६/०७/२००१ रोजी किंवा त्याआधी झाला आहे त्यांनाच पट्टी मिळेल. आमच्याकडे महिना आधी लिहितात. टॅम्सिनचा जन्म त्याच साली, नोव्हेंबरातला.

"मी एकवीस वर्षांची आहे."

"असाल."

"अठरा लागतात ना?"

"अठराच लागतात."

तिने दुसरं मनगट पुढे केलं. त्यावर हॉटेलच्या बारची हिरवी पट्टी होती. आमच्या राज्यात एकवीस पुरी झाल्याशिवाय ती कुणी बांधत नाही. डेझमंडने ती पाहिली. ती हॉटेलची आहे, आम्ही मानत नाही, असं म्हणाला आणि तिच्या मागच्याला पुढे बोलावलं.

तोवर मी पडद्यातून डोकं बाहेर काढलं होतं. मला एका क्षणात कळलं. तो बोर्ड चार वर्षांपूर्वीचा होता. मधली तीन वर्षं कॉन भरलंच नव्हतं. यंदा कुणीतरी कपाटातून बोर्ड काढला, ओल्या फडक्याने पुसला आणि टांगला. लॅमिनेट केलेला होता, त्यामुळे नव्यासारखा दिसत होता. आमच्या लोकांत जे लॅमिनेट होतं ते खरं होतं. सकाळपासून रांगेतल्या वीस-एकवीस वर्षांच्या माणसांना डेझमंड परत पाठवत होता, आणि त्यांपैकी एकालाही वजाबाकी करावीशी वाटली नव्हती. खजील होऊन जात होती बिचारी. आपण अजून मोठे झालेलो नाही, हे बोर्डाने सांगितलं तर पटतं माणसाला.

मी डेझमंडला वजाबाकी सांगितली. त्याने फोनवर आकडे मारले, ओठ हलवले, पुन्हा मारले.

"तुमचं बरोबर आहे, मॅडम."

"मग बांध तिला पट्टी."

"बोर्ड बदलल्याशिवाय नाही बांधता येणार. बोर्ड ग्वेन बदलेल."

वर त्याने अभिमानाने सांगितलं की आजवर त्याच्या टेबलावरून एकही अल्पवयीन आत गेलेला नाही. यात खोटं काहीच नव्हतं. बावीसच्या खालचं कुणी जातच नसेल तर सतरावाला जाणार कुठून? कुत्रा चावू नये म्हणून सगळी गल्लीच बंद करायची आणि मग म्हणायचं, बघा, एकाला तरी चावला का.

ग्वेन ऑस्ट्रँडर आमची अध्यक्ष. तिला फोन लावला तर ती वेशभूषेच्या तालमीत, डोक्यावर शिरस्त्राण. आवाज बादलीतून आल्यासारखा. तिने ऐकून घेतलं, हाय हाय केलं आणि उद्या सकाळी नवा बोर्ड छापून आणते म्हणाली. मी म्हटलं, उद्या कशाला, माझ्या खिशात मार्कर आहे, मी आत्ता २००१ चं २००५ करते.

शिरस्त्राण काढल्याची खडखड आली.

"रॉन्डा," ती म्हणाली, "चौदावा नियम तूच लिहिलास ना गं?"

नियम चौदा. वयाच्या बोर्डावर पेनाने, मार्करने किंवा अन्य कशानेही हाताने केलेला बदल ग्राह्य धरला जाणार नाही. कुणालाही अपवाद नाही.

हो. मीच. सात वर्षं समितीत होते मी. त्या वाक्यातलं 'कुणालाही' तर मी भांडून घालून घेतलं होतं.

पिवळी चिठ्ठी, पहिली.
तिच्याखाली: दोन हजार चौदा साली आतल्या एकाने बोर्डावरच्या सालात मार्करने एक रेघ ओढली होती. दोन वर्षांची सवलत, धंदा वाढावा म्हणून. त्या दुपारी माझ्या टेबलावर साडेपाच फुटी ड्रॅगन आला. मुखवटा, पंख, मनगटावर जांभळी पट्टी. मी पुस्तक दिलं. चेहरा बघितला नाही, पट्टी बघितली. तासाभराने एक बाई आली, पुस्तक किराणाच्या पिशवीत घालून. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मुलगी सोळाची आहे, एवढंच म्हणाली, पुस्तक टेबलावर ठेवलं आणि पिशवीची घडी करून परत नेली. चौदावा नियम मी त्या संध्याकाळी लिहिला.

दहा वाजता हॉलचे दरवाजे उघडले. आता नववा नियमही ऐका, हा माझा नाही. दरवाजे उघडे असताना सलग तासभर टेबलावर कुणी नसेल तर टेबल प्रतीक्षायादीतल्याला मिळतं आणि मूळ मालकाला पुढची दोन वर्षं अर्ज करता येत नाही. म्हणजे अकरापर्यंत टॅम्सिनच्या टेबलावर कुणी बसलं नाही, तर तिची खोकी बाहेर, ती बाहेर आणि पुढची दोन वर्षंही बाहेर. मदतनीस चालतो. त्याचं नाव नोंदवायचं. पण मदतनीसाला पट्टी हवी आणि एका माणसाला एकच टेबल. टॅम्सिन एकटी आली होती.

मी आत फिरले. अठरापैकी एक टेबल तिचं, एक माझं. उरलेल्या सोळांवर बहुतेक जण जोडीने बसलेले, म्हणजे एकाला उठून बसायला काहीच हरकत नव्हती. प्रत्येकाने सगळं ऐकून घेतलं. प्रत्येकाने फारच वाईट झालं म्हटलं. एकीने डोळे पुसले, कलाकारांच्या गळचेपीवर बोलली, आणि बोलता बोलता आपली की-चेन पुन्हा ओळीत लावली. एकाने सुचवलं की आपण निषेधाचं पत्रक काढू, अक्षर तो छान काढतो. आमचे लोक आहेत हे. एरवी स्वातंत्र्याच्या नावाने छातीवर बिल्ले लावून फिरतात. त्यांच्या खुर्चीला हात लावा फक्त.

साडेदहाला बाहेर गेले तर टॅम्सिन पडद्याला पाठ लावून जमिनीवर बसली होती, बटाट्याच्या पिरोगींचा, म्हणजे उकडलेल्या करंज्यांचा, डबा मांडीवर, न उघडलेला. आत काय चाललंय, तिने विचारलं. काही नाही, मी म्हटलं. मग तिने विचारलं की तिच्या जागी मी असते तर काय केलं असतं. मी सांगितलं की मी एकोणसत्तरची जन्मलेली आहे, माझ्यावर हा प्रसंग आला नसता. खरं तर याला उत्तर म्हणत नाहीत. तिनेही म्हटलं नाही.

माझं टेबल पडद्याला लागून पहिलं. आत येणारा प्रत्येक जण आधी माझ्याकडे बघतो. त्या जागेसाठी मी अकरा वर्षं घालवली. मागच्या भिंतीपासून सुरुवात केली होती, कचऱ्याच्या डब्याशेजारून.

पिवळी चिठ्ठी, दुसरी.
तिच्याखाली काही नाही. काही चित्रांत आम्ही अशीच चिठ्ठी लावतो, लोकांना वाटावं म्हणून. मी का उठले याचं कारण शोधायला तुम्ही ही उचलली असेल, तर तुमच्यात आणि माझ्या गिऱ्हाइकांत फारसा फरक नाही.

दहा अठ्ठावन्नला मी डेझमंडपुढे उभी राहिले आणि माझं नाव टॅम्सिन कोवाल्चिकची मदतनीस म्हणून नोंदवायला सांगितलं. त्याने विचारलं, मग तुमच्या टेबलावर कोण? मी म्हटलं, कुणी नाही. त्याने नववा नियम वाचून दाखवला. मोठ्याने, पूर्ण, बोट ठेवून. मग माझं लायसन्स मागितलं. माझ्या मनगटावर त्यानेच सकाळी बांधलेली पट्टी होती. तरी त्याने जन्मतारीख पाहिली, बोर्ड पाहिला, पुन्हा जन्मतारीख पाहिली. एकोणीसशे एकोणसत्तर हे दोन हजार एकच्या आधी येतं, याची त्याला खात्री पटायला लागला तेवढा वेळ मी छताकडे बघत राहिले.

बाराच्या ठोक्याला प्रतीक्षायादीतला माणूस माझ्या टेबलावर आला. तो लोकरीचे बेडूक विणून विकत होता. हिरवे, छोटे, टोप्या घातलेले. पडद्यामागे, सज्ञानांसाठी, बेडूक. डेझमंडने आत येऊन दोन बेडूक उलटे करून पाहिले, खाली काही आहे का म्हणून.

मी टॅम्सिनचं पुस्तक विकत होते. गिऱ्हाइकांना म्हणायचे, हात वाईट आहेत, बाकी घ्या. लोक हसायचे आणि घ्यायचे. बाहेर पडद्यापाशी लेखिका बसली आहे, तिच्याकडून सही घेता येईल, असंही सांगायचे. दुपारी गर्दी ओसरली तेव्हा पुस्तक नीट वाचलं. एकविसाव्या पानावर स्वैपाकी आधी बॉयलरवाल्याचा चष्मा काढतो, मग स्वतःचा. दोन्ही आपल्या सदऱ्याच्या टोकाने पुसतो आणि फळीवर शेजारी शेजारी ठेवतो, काड्या मिटून. पुढच्या पानावर चिठ्ठी लावावी लागेल असं सगळं होतं. ते मी भराभर उलटलं आणि परत एकविसाव्यावर आले. पंचवीस वर्षं मी माणसांचे कपडे उतरवते आहे. चष्म्याचं काय होतं, याचा मी एकदाही विचार केला नव्हता.

हात मात्र केळ्यांचे घडच.

शनिवारी सकाळी अकराला नवा बोर्ड आला. छापील, लॅमिनेट केलेला, कोपऱ्यात समितीचा शिक्का. डेझमंडने तो टांगला, दोन पावलं मागे जाऊन सरळ आहे का पाहिला आणि टॅम्सिनला पट्टी बांधली. शुभेच्छाही दिल्या. माफी मागावी असं काही आपल्याकडून घडलंय, हे त्याच्या गावीही नव्हतं. घडलं नव्हतंच, त्याच्या हिशेबाने.

ती आत आली. टेबलामागे खुर्ची एकच असते. मी उठले.

ती बसली, उरलेली पुस्तकं सरळ केली. माझ्या जुन्या टेबलावरच्या बेडकांकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे. आभार मानेल असं वाटून मी तोंड वाकडं करायची तयारी ठेवली होती.

"तू लोकांना सांगितलंस की माझे हात वाईट आहेत."

"आहेत."

"काल सही घ्यायला आलेला प्रत्येक जण माझ्या हातांकडे बघत होता. माझ्या. या." तिने दोन्ही हात वर धरले. बरे होते. लांब बोटं, नखं खाल्लेली. "एकाने विचारलं की दुखतात का."

मला हसू आलं ते मी दाबलं नाही. तिला आलं नाही. तिने वही ओढली, कोरं पान काढलं आणि पेन्सिल माझ्यापुढे टेबलावर आपटली.

"काढ. मला बघू दे."

मदतनीसाने गिऱ्हाइकांसमोर स्वतःचं काम करायचं नाही, असाही एक नियम आहे. मी उभ्याउभ्या वाकले आणि तिचा डावा हात काढला, जसा तो टेबलाच्या कडेवर पडला होता तसा. चार-पाच माणसं थांबून बघायला लागली. बेडूकवालाही मान लांब करून बघत होता. मी मुद्दाम सावकाश काढला, बोटांची पेरं, मनगटावरची जांभळी पट्टी, सगळं. मग पेन्सिल ठेवली.

तिने वही फिरवून आपल्याकडे केली. आपला हात चित्राशेजारी ठेवला. बराच वेळ बघत राहिली, एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे.

"अंगठा चुकलाय," ती म्हणाली.

मी वाकून पाहिलं. चुकला होता.