पिवळा डोळा आणि काळी वायर

सासूने सुनेला माहेरी धाडलं असतं तर गावाला नवल वाटलं नसतं. इथे लेकानेच बायकोला घालवून दिलं, आणि कशापायी, तर गाडीत सारख्या पेटणाऱ्या एका पिवळ्या दिव्यापायी! सासू स्टामेंका तेव्हापासून धुमसत होती. नवरा गेल्यावर आलुबुखारची दारू गाळायची भट्टी तिने एकटीने चालवली, चोराचिलटांना दारातून हाकललं. आणि तिचा धटिंगण लेक रादिशा, गाडीला बायकोचीच दृष्ट लागते म्हणणाऱ्या एका दाढीवाल्यापुढे मान डोलवत होता.

आज तर अर्धं गाव तिच्याच अंगणात लोटलं होतं. मधोमध रादिशाची निळी गाडी, बॉनेट उघडं, त्यावर काळी घोंगडी तंबूसारखी टाकलेली. घोंगडीखाली गाव्रिलो. काळा झगा, गळ्यात हातभर क्रूस. चर्चमध्ये त्याला कुणी ओळखत नव्हतं, पण मठात कित्येक वर्षं मौन पाळल्याचं तो स्वतःच सांगे, आणि सांगायला लागला की थांबत नसे.

"पूर्वेकडे तोंड करा!" घोंगडीतून आवाज आला. "वळून बघेल त्याचं दूध नासेल, कोंबड्या अंडी द्यायच्या थांबतील आणि गाडी घाटात बंद पडेल!"

सगळ्यांनी मुकाट पाठ फिरवली. बराच वेळ मंत्र चालले. मग दृष्ट उतरवायला वितळवलेलं शिसं पाण्यात पडून चर्रर्र झालं आणि गाव्रिलो घाम पुसत बाहेर आला. हातात शिशाचा वेडावाकडा गोळा.

"बघा, बुबुळ! हिरव्या डोळ्यांची दृष्ट! बाई गेली, पण तिची पेटी घरातच आहे. पेटी जाळा, म्हणजे गाडीचा हा पिवळा डोळा परत उघडायचा नाही."

रादिशाने किल्ली फिरवली. दिवा विझलेला! बायांनी छातीवर क्रूसाची खूण केली. रादिशा घरात पळाला आणि बायकोची, डून्याची, पेटी फरफटत घेऊन आला. तिच्या आईने विणलेला गालिचा, लग्नाचा झगा, सगळं त्यात होतं. कुणीतरी काडेपेटीही पुढे केली.

"थांब," स्टामेंका म्हणाली. तिचा श्वास जरा फुलला होता. "आधी पाहुण्याला वाटेला लाव. पेटी काय पळून जात नाही."

गाव्रिलोने मोबदल्यात मिळालेली डुकराची खारवलेली मांडी आणि दारूची बाटली काखेत मारली आणि फाटकाबाहेरच्या आपल्या गाडीत बसला. किल्ली फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. गाडी मेल्या म्हशीसारखी गप्प.

"अगं बाई!" स्टामेंकाने गालावर हात मारला. "हिलाही दृष्ट लागली! शिसं आहे ना उरलेलं? चला रे, फिरवा पाठी!"

"माझ्या गाडीचं... वेगळं असतं, बाई."

"वेगळं? तिचा काय बाप्तिस्मा झालाय?"

लोक खिदळले. गाव्रिलो चिडून उतरला, बॉनेट उचललं, झग्याच्या बाहीतून पाना काढला आणि त्याचा हात इकडे ना तिकडे, सरळ बॅटरीवरून निसटलेल्या काळ्या वायरीवर गेला.

"हात तिथेच राहू दे!" स्टामेंका गरजली. "आता पूर्वेकडे नको, इकडे बघा सगळे! पूर्वेकडे तोंड करून उभे होतात ना? तेवढ्यात ती वायर मी काढली, भट्टीच्या पान्याने. माझ्या लेकाच्या गाडीचीही अशीच वायर निघायची, घोंगडीखाली. शिसं आपलं चर्रर्र करायला!"

"आई, पण दिवा तर विझतो..." रादिशा पुटपुटला.

"विझणारच! वीज तोडली की गाडी सगळं विसरते. दर चमत्कारानंतर गाडीच्या घड्याळात शून्य दिसायचं आणि बाजाराला जाताना माझं गाण्याचं स्टेशन लागायचं नाही. गावातली वीज गेली की आपल्या विजेच्या चुलीवरचं घड्याळ असंच करतं. दृष्ट काढताना रेडिओला कशाला विसर पडावा? मागच्या खेपेला दिवा परत पेटला, तेव्हा डून्या या घरात होती का रे?"

"नव्हती, आई."

"मग दुखणं आहे तरी कुठे?" शेजारीण मिलुंकाने विचारलं.

स्टामेंकाने तिच्या तोंडातली सिगारेट काढून घेतली, रादिशाला निळी गाडी चालू करायला लावली. अस्वलासारखी गुरगुरावी म्हणून रादिशाने इंजिनाची हवा गाळणारा मूळ डबा फेकून चकचकीत जाड नळी बसवली होती. नळीच्या सांध्याशी सिगारेट धरताच धूर वर जायचा सोडून सांध्यात शिरला.

"भट्टीच्या नळीला आपण कणकेने सांधा का लिंपतो? वाफ चोरवाटेने जाते म्हणून. इथे हवा चोरवाटेने येते. आत जाणारी हवा मोजायला या नळीत एक यंत्र असतं, मी बाजारात मेकॅनिकला विचारलं. हा सांधा त्या यंत्राच्या पलीकडे. न मोजलेली हवा घुसते, पेट्रोल कमी पडतं, गाडी दिवा लावून हाक मारते. हाक आली की काय दुखतं ते बघावं. बायकांचे डोळे कसले बघता!"

तिने सांध्यावरची धातूची पट्टी करकचून आवळली. धूर सरळ वर गेला.

मिलुंका मात्र गाव्रिलोकडे वळली होती. "माझ्या विधवा जावेलाही यानेच चेटकीण ठरवलं!" म्हणत तिने पायातली लाकडी चप्पल काढली. पहिला फटका पाठीत बसला, दुसरा दाढीवर. स्टामेंकाने मांडी आणि बाटली काढून घेतली, त्याचा पानाही आपल्या खिशात टाकला.

"चालत जा. गाडी पोलीस चौकीतून ने. तिथे दाखव चमत्कार."

अंगणातल्या बदकांनी मागे लागून त्याला वेशीपर्यंत पोचवलं.

मग ती लेकासमोर उभी राहिली आणि हात पुढे केला. रादिशाने किल्ली दिली.

"पट्टी तू अर्धी आवळलीस, रादिशा, आणि दोष तिच्या डोळ्यांना दिलास. ही पेटी पाठीवर घे आणि डोंगरापलीकडे तिच्या बापाच्या दारात चालत जा. चार माणसांसमोर सांग, खोट कुणाची होती. ती आली तर पेटी तूच परत वाहून आणशील. नाही आली, तर पेटी तिथे ठेवून एकटा ये, आणि मी तिला शहाणी म्हणेन."